सोमवारची लाल काडी

सावळीराम नर्सरीच्या दारात आला तो खांद्यावर गोणपाट टाकून. गोणपाटात टोमॅटोची पाच झाडं होती, मुळासकट उपटलेली. ती त्यानं नर्सरीमालक ज्ञानेशच्या पुढ्यात ठेवली आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

"बघा," एवढंच म्हणाला.

आषाढ लागला होता. आभाळ दिवसभर भरून यायचं आणि चार थेंब टाकून निघून जायचं. शेडनेटखाली दमट गरम हवा कोंडलेली असायची. चौदा बाया दोन रांगांत बसून ट्रेमधल्या नांग्या भरत होत्या. जिथं बी उगवलं नाही त्या खळग्यात शेजारच्या खळग्यातलं जादा रोप अलगद उचलून लावायचं. काम हलकं, असं मालकाला वाटतं. सहा तास उकिडवं बसल्यावर कमरेचं काय होतं ते कमरेलाच विचारावं.

ज्ञानेशनं एक पान उजेडाकडे धरलं. फिकट आणि गर्द हिरवा असे दोन रंग त्यावर ठिगळासारखे उमटले होते. शेंड्याची पानं आखडून दोऱ्याएवढी बारीक झालेली.

"अशी किती हायेत, आप्पा?"

"आज शंभरेक दिसत्यात. उद्या किती, देव जाणे. रोप तुमच्याकडचं. ट्रेला लाल काडी व्हती, ती बी ठिवलीय मी."

त्यानं खिशातून काडी काढून दाखवली. ज्ञानेशकडे प्रत्येक वारी भरलेल्या ट्रेला वेगळ्या रंगाची काडी खोचायची पद्धत होती. सोमवारची लाल.

ज्ञानेश शेतकी शाळेत शिकलेला. त्यानं पान मुठीत चुरगळलं, मग घाईघाईनं हात झटकला आणि साबण मागवला. "हा तंबाखूच्या हाताचा रोग," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तंबाखू मळलेल्या हातानं रोप धरलं, की पानातला रोग रोपात जातो. माणसाला त्याचं काही होत नाही, टोमॅटोचं मात्र वाटोळं. काम बंद करा. उभे राहा सगळे."

सगळे उभे राहिले. चतुराबाईही उठली, गुडघ्यावर हात टेकत, जरा उशिरानं. पंचावन्नच्या पुढची बाई. त्या नर्सरीत तिच्या बोटासारखं बोट दुसरं नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ती रोप असं उचलायची, की मुळाला चिकटलेला काथ्याचा भुसासुद्धा गळायचा नाही. तिनं भरलेल्या ट्रेमध्ये मर नसायची. ज्ञानेश पाहुण्यांना तिच्याजवळ आणून सांगायचा, "या आमच्या मावशी." ती मान वर करायची नाही, पण त्या दिवशी दोन ट्रे जास्त भरायची.

चारही गड्यांना खिसे रिकामे करायला लावले. तिघांच्या खिशात काही नाही. असेल कसं, तिघंही पोरं, ती बाहेर रस्त्यावर जाऊन सिगारेट ओढून यायची. बहिरूच्या बंडीतून मात्र तंबाखूची पुडी निघाली आणि चुन्याची डबी. पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो. बहिरूनं तो फोटो कधी पाहिलाच नसावा अशा कुतूहलानं आत्ता पाहिला.

"कालच बाजारातनं आणली," तो खरं तेच बोलला. आणि तिथंच फसला.

कारण काल रविवार होता. रविवारी बाजार, म्हणजे सोमवारी बहिरूचा खिसा भरलेला. सोमवारचे ट्रे लाल काडीचे. सगळ्यांना हिशेब कसा चुटकीसरशी जुळल्यासारखा वाटला. ट्रे उचलायचं, पाणी मारायचं, गाडीत भरायचं काम बहिरूचंच.

"बायांचं बघायचं का?" एका पोरानं विचारलं.

"बायांचं काय बघायचं," ज्ञानेश म्हणाला आणि उगाच लाजला. बायाही हसल्या.

दुधानं हा रोग हातावरून जातो असं ज्ञानेशनं वाचलेलं होतं. चहासाठी आणलेलं दूध त्यानं तांब्यात घेतलं आणि सगळ्यांदेखत बहिरूच्या हातावर ओतलं. बहिरूचा एक पाय अधू. लहानपणी बैलगाडीचं चाक त्यावरून गेलेलं. तो पाय बाजूला टाकून वाकून उभा राहायची त्याला सवय होती, पण दूध कोपरावरून घरंगळून धोतरावर सांडायला लागलं तसा तो कानकोंडा झाला.

"दुधानं हात धुतोय म्हंजे नवरदेवच झालो मी," असं त्यानं म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही.

चतुराबाई खाली बघत होती. बहिरू तिचा चुलतदीर. एका गल्लीत दोघांची घरं. त्याच्या पायामुळं त्याला द्राक्षबागेत कुणी बोलवत नाही, पाठीवर पंप घेऊन तो चालू शकत नाही. या नर्सरीतलं काम तिनंच सांगून लावून दिलेलं होतं. तिला त्याचा राग आला. अन्नाला जागायचं नाही म्हणजे काय, असं ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दारात पाण्याची टाकी, साबण आणि पत्र्याचा डबा आला. गड्यांनी खिशातलं डब्यात टाकायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग आत यायचं. बाया त्याच दारातून आत जायच्या, हात न धुता.

बहिरूनं तंबाखू सोडली. म्हणजे खरोखरीच सोडली. पहिले चार दिवस त्याचं डोकं असं दुखलं, की त्यानं कपाळाला फडकं बांधून झारी धरली. बायकोवर, नवसाबाईवर, उगाच खेकसायला लागला. तोंडात लवंग धरायचा. झोप लागेना म्हणून पहाटेच अंगणात येऊन बसायचा. चतुराबाई तेव्हा जागी असायचीच.

"जमतंय का, भाऊजी?" तिनं एकदा विचारलं.

"जीभ नुसती चाचपडत ऱ्हाते ओ, वहिनी. काहीतरी हरवल्यावानी वाटतं." मग हसला. "मालकाच्या समोर दुधाची आंघोळ दुसऱ्यांदा नको, तेवढ्यासाठी जमवतोय."

चतुराबाई हसली आणि तिनं आपल्या गोल डबीचं झाकण काढलं. चिमूटभर मिश्री बोटावर घेऊन दात घासत ती उंबऱ्यावर बसली. तीस-पस्तीस वर्षांचा नेम. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली तेव्हा सासूनं आपल्या बोटानं लावली होती, तेव्हापासून. एकदा पहाटे, एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा संध्याकाळी. चूळ भरली की जीव ठिकाणावर यायचा. बरं, त्याला व्यसन कोण म्हणणार? दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं का?

हेच ती आपल्या सुनेलाही म्हणाली. सून शुभांगी गावची आशाताई. आरोग्य केंद्रानं तिला कागद दिला होता. घरोघर जाऊन पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला विचारायचं, बिडी-सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का. गावातल्या दर शंभरात किती जण, ते वर कळवायचं होतं. पुरुष मंडळी बिनदिक्कत हो म्हणत होती. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, "नाय बाई, आमाला कसलं व्यसन." शेवटी घरातच विचारायचं राहिलं होतं.

"आई, तुम्ही तंबाखू खाता का?"

"तुला काय येड लागलं का गं?"

शुभांगीनं 'नाही'वर खूण केली. गल्लीतल्या बायांचा आकडा शून्य आला. शुभांगीला त्याचा अभिमान वाटला. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

तीन आठवडे गेले. नर्सरीतल्या नव्या ट्रेमधली रोपं बोटभर वर आली आणि एका सकाळी ज्ञानेश रांगेतून चालता चालता थबकला. त्यानं एक ट्रे उचलला. खाली ठेवला. दुसरा उचलला. पानांवर तीच ठिगळं. पुन्हा लाल काडी.

त्यानं आवाज चढवला नाही. बहिरूला बाजूला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

"मी सोडलीय, मालक. देवाशपथ. पाहिजे तर तोंडाचा वास घ्या."

"ट्रे खोटं बोलतात का मग?"

बहिरूनं झारी उपडी करून ठेवली, पाइप गुंडाळून खुंटीला लावला आणि निघाला. लंगडा माणूस सावकाश चालतो. दारापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ चौदा बाया माना खाली घालून नांग्या भरत राहिल्या.

बहिरूनं तंबाखू सोडली होती, ते चतुराबाईनं पहाटे उठून डोळ्यांनी पाहिलं होतं. मग रोग आला कुठून? तिनं गडी आठवले, पोरं आठवली, गाडीचे डायव्हरसुद्धा आठवले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

बुधवारी शुभांगी आरोग्य केंद्रातून आली ती तोंड पाडून. कागद परत आला होता. चतुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"डॉक्टर मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या, आई. एवढ्या बायांमध्ये एकीलासुद्धा सवय नाही हे कसं लिहिलंस म्हणे. मिश्री विचारली का?"

"मिश्रीचं काय? ती दाताला असते."

"मी पण तेच म्हणाले. तर म्हणाल्या, कशाची करतात ती?"

चतुराबाईनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि हात तसाच राहिला. कशाची करतात? ते तिच्याइतकं गावात कुणाला माहीत होतं? रविवारच्या बाजारातून ती पानाची तंबाखू आणायची, जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली. त्या कागदावर फोटो नाही, इशारा नाही. तिच्या हातची मिश्री अख्ख्या गल्लीला लागायची. धुरानं नातवाला ठसका लागतो म्हणून सोमवारी पहाटे अंगणात तीन दगड मांडून ती भाजायची. आधी कच्ची पानं हातानं मोडायची, शिरा काढायच्या, चुरा करायचा. मग जुन्या तव्यावर काळी होईस्तोवर परतायची, वाटायची, डब्यांत भरून द्यायची. हात पदराला पुसायचा आणि नर्सरीत जायचं. सोमवारी.

"आई, भाकर करपली," शुभांगी म्हणाली.

करपलेली भाकर चतुराबाईनं स्वतःच्या ताटात घेतली. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

गुरुवारी ती कामावर गेली. टाकीवर थांबून तिनं साबणानं तीनदा हात धुतले. सांगायचं ठरवलेलं होतं. पण ज्ञानेश तेवढ्यात दोन शेतकऱ्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "या आमच्या मावशी." ती न सांगताच जागेवर जाऊन बसली. शुक्रवारीही तसंच. शनिवारी तिनं स्वतःला समजावलं, की बहिरूला दुसरीकडं कुठंतरी काम लागेल. संध्याकाळी गल्लीतून येताना बहिरू ओट्यावर दिसला. नवसाबाई परक्याच्या शेतातून निंदून आली होती आणि तो तिच्यासाठी चहा ठेवायला उठत होता, भिंतीला धरून. चतुराबाईनं मान फिरवली आणि भरभर पुढं गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी झालेली, आणि चोर रोज त्याच्या दारावरून जात होता.

रविवारी बाजारात ती तंबाखूवाल्याच्या ठेल्यावरून पुढं निघून गेली.

सोमवारी पहाटे झुंजुमुंजू होताच बाया आल्या. दर सोमवारी यायच्या तशाच, पदराखाली आपापली डबी धरून. कुणाची पावडरची, कुणाची पितळी, दीपमालाची मुलाच्या औषधाची. अंगणात दगड नव्हते, धूर नव्हता. चतुराबाई हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेली. डोकं ठणकत होतं, चार दिवस डबी उघडली नव्हती तिनं.

"तवा लागायचा नाय आज," ती म्हणाली. "ह्यापुढं बी नाय."

मग तिनं जे होतं ते सांगून टाकलं. पानं, बोट, सोमवार, लाल काडी. बाया ऐकत उभ्या राहिल्या.

"तू मालकाला सांगणार?" एकीनं विचारलं.

"सांगणार."

"काकू, मग आमच्या बी डब्या निघतील," दीपमाला म्हणाली. ती नर्सरीत चतुराबाईच्या शेजारच्याच रांगेत बसायची. "बहिरूकाका तर गेलेच. आता तुम्ही जाल, आम्ही बी जाऊ. कुणाला काय मिळणार त्यातून?"

तिचं काही चुकीचं नव्हतं. "माझ्या घशातनं भाकर उतरत नाय, दीपमाला," चतुराबाई म्हणाली. "दुसरं मला काय बी ठाव नाय."

दारात शुभांगी उभी होती. तिनं बाया पाहिल्या, पदर पाहिले आणि पदराखालच्या डब्या मोजल्या. अकरा. तिनं पिशवीतून कागद काढला आणि उंबऱ्यावर बसली. कुणाला काही विचारलं नाही, नुसतं पेनाचं टोपण काढलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकीला हसू आलं, आणि दुसरी म्हणाली, "लिही बाई, आता काय लपवायचं ऱ्हायलंय."

"पयलं नाव माझं लिही," चतुराबाई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

ज्ञानेश टाकीजवळच होता. तिनं कमरेची गोल डबी काढली आणि गड्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्याचा आवाज झाला तसं त्यानं वळून पाहिलं.

"लाल काडीचे ट्रे माझ्यामुळं गेले," ती म्हणाली. "बहिरूचा त्यात काय बी दोष नाय."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. डबी उघडून पाहिली, वास घेतला. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटका दिसायला लागली. "मावशी, ही तर भाजलेली. भाजल्यावर रोग राहत नाही त्यात. तुमच्यामुळं नाही झालं ते. उगाच मनाला लावून घेऊ नका. जा, बसा कामाला."

आता इथं तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. मालकानंच सोडलेलं. जागेवर जाऊन बसायचं, चिमटीत रोप धरायचं, एवढंच उरलं होतं. तिचा एक पाय आत गेलाही.

मग ती थांबली.

"भाजायच्या आधी पानं मोडते मी," ती म्हणाली. "कच्ची. दर सोमवारी पहाटं. ह्या बोटानं." आणि बोट त्याच्यापुढं धरलं.

ज्ञानेश बोटाकडं बघत राहिला. नखाच्या कडेला वर्षानुवर्षांचा पिवळट डाग होता. हजार वेळा त्यानं ते बोट पाहुण्यांना दाखवलं होतं.

"बायांना मी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"आमी तरी कुठं सांगितलं असतं."

त्यानं ठरवलं ते असं: साबण सगळ्यांना. डब्या सगळ्यांच्या, घरीच ठेवायच्या. कामावरून कुणाला काढायचं नाही. चतुराबाईनं मात्र महिनाभर रोपाला हात लावायचा नाही, रिकामे ट्रे धुवायचे. "चालेल," ती म्हणाली. बहिरूला निरोप धाडतो, असं तो म्हणाला तेव्हा तिनं मान हलवली.

"निरोप नको. तुमी काढलं, तुमीच आणा."

तो मोटारसायकल काढून गेला. तोवर तिनं बाजूला काढून ठेवलेले लाल काडीचे सगळे ट्रे एकेक करून बांधाकडेच्या खड्ड्यात नेऊन ओतले. बोटभर वाढलेली, तिच्याच हातची रोपं. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. रांगेतल्या बाया बघत होत्या. दीपमाला तेवढी उठली आणि तिनं खड्ड्यात माती ओढायला फावडं आणून दिलं.

बहिरू मागच्या सीटवर बसून आला, अधू पाय बाहेर काढून. वाटेत मालकानं त्याला काय सांगितलं असेल ते असेल. तो सरळ टाकीकडं गेला. चतुराबाई तिथं मातीनं भरलेले हात घेऊन उभी होती. तिनं साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. चुकले म्हणावं, तर तंबाखू सोडतानाची त्याची डोकेदुखी आणि दारापर्यंतचं ते चालणं एका शब्दात कसं मावणार होतं?

बहिरू आत जाऊन चहाच्या दुधाचा तांब्या घेऊन आला. चतुराबाईनं तांब्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. रांगेतल्या बायांचे हात थांबले. मग तिनं दोन्ही हात पुढं केले. आपल्या वाट्याला हे यायलाच हवं होतं, असं तिला वाटलं.

बहिरूनं शेडनेटकडं पाठ केली आणि तिच्यापुढं असा उभा राहिला, की रांगेतून कुणाला काही दिसू नये. मग अगदी बारीक धार धरली. धोतरावर नाही, लुगड्यावर नाही, थेंब कुठं सांडला नाही.

"नखात चोळा, वहिनी," तो हळूच म्हणाला. "नखातलं लवकर निघत नाय."

तिनं नखात चोळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात गुंतलेले असल्यानं ते पुसता येत नव्हतं. बहिरू तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिला, आणि मग झारी घ्यायला गेला.